दुहेरी टीप

केज, १९ जून

तन्वीर,

सलाम. पोस्टाचं पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. पाकीट निदान फोडावं तरी लागेल, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण घरात आपण दखनी बोललो तरी लिहायला शिकलो ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तुझं उर्दू वाचताना हाफिजसाहेबांनाही घाम फुटायचा.

काम आहे तुझ्याशी. लाडात यायला लिहीत नाहीये.

मामूंनी सांगितलं की तू पुण्याला ज्या कारखान्यात आहेस तिथे मोटरसायकलवाल्यांचे पावसाचे कपडे शिवतात. पत्ताही त्यांनीच दिला. तर मला एवढंच कळव, शिवताना सुईची जी भोकं पडतात ती तुम्ही बुजवता कशी?

आता हे का विचारतेय ते ऐक. मी नांदूरच्या रस्त्याला एका उपकेंद्रात नर्स आहे. तीन-चार गावं माझ्याकडे आहेत, एसटीचा भरवसा नाही, म्हणून स्कूटी घेतली. गेल्या पावसाळ्यात रोज भिजून यायची. लसींचा डबा कोरडा आणि मी ओली. शेवटी ताप आला आणि आठ दिवस पडून राहिले. तेव्हा बद्रीनाथ सर दुकानात अब्बांना म्हणाले, "इलियासभाई, साऱ्या केजातल्या गाड्यांना तुमी कपडे शिवता, आन् घरची लेक चिंब होऊन येती." सर गमतीनं म्हणाले, पण अब्बांना ते लागलं. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, लागलेलं ते दाखवत नाहीत, मशीनवर काढतात.

हैदराबादहून कापड मागवलं, आत रबराचा थर असलेलं, गडद हिरवं. शेवग्याच्या झाडाखाली मला उभं करून मापं घेतली. जीपचं हूड शिवताना घेतात तशी, टेप न लावता वितीनं. जॅकेट, पँट, टोपी, सगळं स्वतः. आणि जिथे जोर येतो तिथे दुहेरी टीप, हा त्यांचा नेम तू विसरला नसशीलच. सीट कव्हरच्या कोपऱ्याला दुहेरी, हुडाच्या वाकाला दुहेरी. पँटच्या आसनाला तर त्यांनी तीन टिपा मारल्या. म्हणाले, गाडीवर बसणाऱ्याचा सगळा भार तिथेच असतो, उसवायला नको.

उसवलं नाही, हे खरं. पण गाडीवर बसलं की पावसाचं पाणी कुठे साचतं सांग? मांडीत. पुढून येतं, जॅकेटवरून घसरतं आणि मांडीत तळं होतं. त्या तळ्याखाली अब्बांच्या तीन टिपा, म्हणजे भोकांच्या तीन रांगा. यंदाच्या पहिल्याच पावसात उपकेंद्रापर्यंत पोचले तेव्हा वरून सूट चकचकीत होता आणि आतून मी बसल्या जागी भिजले होते. आमची आशाताई दिपाली माझ्याकडे बघतच राहिली. "सिस्टर, सूट घातलता की वो. मंग खालूनच कावून वल्ल्या झाल्या?" तिनं घरून परकर आणून दिला. दिवसभर परकरावर अॅप्रन घालून मी बाळांना सुया टोचल्या. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

संध्याकाळपर्यंत पाऊस थांबला, माझे कपडे वाळले. घरी जायचं तर दुकानावरूनच जावं लागतं. अब्बा बाहेर येऊन उभे होते. मागे बद्रीनाथ सर, दूधवाला बजरंग आणि आणखी दोघं-तिघं. अब्बांनी तिथूनच विचारलं, "भीगी क्या?"

तन्वीर, मी सूट घातलेलीच होते आणि मला तोच दिवस दिसला. हेच दुकान, हेच सर बाकड्यावर. नव्या गाडीचं कव्हर शिवून घ्यायला एक गिऱ्हाईक आलेलं, आणि तू त्याला म्हणालास की शिवलेलं घेऊ नका, तयार साच्याचं घ्या, ते नीट बसतं आणि पाणीही धरत नाही. खोटं नव्हतं. पण तू ते अब्बांच्या मशीनपुढे, चारचौघांत बोललास. अब्बा म्हणाले, तर जा, तेच वीक. आणि तू गेलास. सहा वर्षं झाली.

मी म्हणाले, "नै अब्बा, सुक्की आई."

अब्बांनी वळून सगळ्यांकडे बघितलं. इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. आता तो आनंद खोटा पडू नये एवढ्यासाठी मला तुझी मदत हवीय. लवकर लिही.

तुझी आपा,
मेहेक


केज, ११ जुलै

तन्वीर,

लिहिलं नाहीस. ठीक आहे. तुला वाटलं असेल, आपाची भानगड आहे, आपा निस्तरेल. भानगड आता वाढलीय.

मी बीडला मीटिंगला गेले तेव्हा एक तयार रेनसूट घेऊन आले. पातळ, काळा, शिवणींवर आतून कसली तरी पट्टी चिकटवलेला. घरातून निघते ती अब्बांच्या सूटमध्ये. गाव सुटलं की पिंपळाखाली गाडी लावते, अब्बांचा सूट उतरवते, काळा घालते आणि त्यावर पुन्हा अब्बांचा. परत येताना त्याच झाडाखाली काळा काढून डिक्कीत टाकते. दोन्ही अंगात असताना मी धान्याच्या कणगीसारखी दिसते. पाऊस आत येत नाही, हे मान्य. पण आत इतकी उकडते की घामानं भिजते. म्हणजे भिजणं काही चुकलं नाही, फक्त पाणी माझं स्वतःचं.

आणि रोज संध्याकाळी तेच. "भीगी क्या?" "सुक्की आई." अब्बांना हे दोन शब्द ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मला बघायला अंबाजोगाईहून पाहुणे आले होते, त्यांनाही अब्बांनी आधी सूट दाखवला. मुलाची आई म्हणाली, मुलगी दाखवा. त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही, आणि त्याबद्दल मी सूटची आभारी आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण अब्बांनी पाटी लावली. आसाराम पेंटरकडून रंगवून घेतली, पिवळ्यावर लाल अक्षरं: "इलियास सीट कव्हर. पावसाचे सूट शिवून मिळतील. भिजलात तर सूट फुकट." मी आले तेव्हा आसाराम शेवटच्या शब्दाला सावली देत होता. मी गाडी तशीच चालू ठेवून बघत बसले.

बजरंग पहिला. "इलियासमामू, मला बी एक टाका. दुधात पानी पडलं तर चालतंय, आपन भिजाय नको." सगळे हसले. मग बद्रीनाथ सर, मग बँकेतला शिपाई, मग सरांच्या शाळेतले सगळे शिक्षक. यंदा पाऊसही असा की आपल्या भागाला शोभत नाही. ज्या गावांत टँकर जायचे त्या गावांच्या वाटेवर आता पाणी. अब्बांनी माझ्यावरूनच सगळ्यांना सांगितलं, लेक रोज कोरडी येते, दुसरी काय खात्री देऊ?

परवा घरी कुणी नव्हतं. मी अब्बांच्या पँटचे पाय सुतळीनं बांधले, कमरेतून बादलीभर पाणी ओतलं आणि न्हाणीत टांगून खाली बसले. कापडातून थेंबभर आलं नाही. कापड उत्तम आहे. पण थोड्या वेळानं टिपांवर थेंब उगवले, एकेका भोकाला एक, ओळीनं, मोजून ठेवल्यासारखे. एका टिपेवर एक रांग आणि दुहेरीवर दोन. जिथे अब्बांनी सगळ्यात जास्त जीव लावला होता तिथून सगळ्यात जास्त गळत होतं. मला इतकं रडू आलं की शेवटी पाणी ओतून द्यायचंही राहिलं.

कापडाचा दुसरा गठ्ठा अजून हैदराबादहून आलेला नाही, म्हणून अब्बांनी शिवायला घेतलं नाही. तो आला की कापतील, शिवतील आणि देतील. मग पहिल्याच पावसात बजरंग ओला होऊन दुकानात येईल आणि पाटीकडे बोट दाखवेल. अब्बांनी तेहतीस वर्षं कमावलेलं नाव आहे ते, तन्वीर. तुझ्यावर रागावलेत म्हणून ते नाव तुझं नाही असं थोडंच आहे?

भोकं कशी बुजवतात?

मेहेक


केज, ६ ऑगस्ट

तन्वीर,

पार्सल मिळालं. उपकेंद्राच्या पत्त्यावर पाठवलंस ही अक्कल चांगली चालवलीस. पण आत चिठ्ठी नाही? एक ओळ नाही? पट्टीचं एक भेंडोळं आणि दोन तुकडे जोडून, वरून पट्टी चिकटवून दाखवलेला एक नमुना. पुन्हा पुन्हा कागद उलटून बघितला. वर्तमानपत्र होतं, तेही जुनं.

अम्मीला दाखवलं. तिनं तो तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "उन्ने भेज्या?" मी हो म्हणाले. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, जेवतो कुठे विचार. तर सांग, जेवतोस कुठे?

तुकडा बघून एवढं कळलं की पट्टी गरम करून चिकटवायची. किती गरम, ते तुझ्या तुकड्याला बोलता येत नाही. अब्बा दुपारच्या नमाजला गेले तेव्हा मी माझं जॅकेट काढलं, आतून खांद्याच्या शिवणीवर पट्टी धरली आणि घरातली इस्त्री फिरवली. पहिल्या हाताला काही झालं नाही. दुसऱ्यांदा थोडा जोर दिला आणि इस्त्री कापडासकट वर आली. रबर जळल्याचा वास गल्लीभर. खांद्याला तळहाताएवढा डाग, मधे भोक. सुईचं भोक बुजवायला गेले आणि हात जाईल एवढं पाडून बसले.

संध्याकाळी अब्बांनी डाग बघितलाच.

"ये क्या हुआ?"

मी म्हणाले, सायलेन्सरला लागलं.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग खांद्याकडे, मग दारातल्या स्कूटीकडे, तिच्या सायलेन्सरकडे. तो जमिनीपासून वीतभर उंच. "खांदेकू?"

"घडी करके पीछे बांधी थी, अब्बा."

"अच्छा," म्हणाले. त्याच कापडाचं ठिगळ लावून दिलं. सुबक, चारही बाजूंनी दुहेरी टीप. आता खांद्यातूनही गळतं.

तू हसत असशील. हस. मलाही लिहिताना हसू आलं. पण एक गोष्ट मला खरंच कळत नाही. पट्टी घेऊन मी अब्बांपुढे गेले तर दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागतील. सूट गळतो हे, आणि पट्टी तू पाठवलीस हे. पहिली सांगायला तोंड नाही. दुसरी सांगितली तर ते पट्टीला हात लावतील का? तुझं नाव ते घेत नाहीत. पण मशीनजवळचं तुझं स्टूल त्यांनी कुणाला दिलेलं नाही, गिऱ्हाईक बसायला गेलं तर त्यावर कात्री ठेवतात. याचा अर्थ काय लावायचा तो तूच लाव.

कापड आलंय. उद्यापासून कापायला घेणार म्हणतात.

आपा


केज, ४ सप्टेंबर

तन्वीर,

मला वाटतं अब्बांना कळलंय. झालं ते असं.

काल जुमा, दुकान दुपारपर्यंत बंद. मी सुट्टीवर होते, अम्मीबरोबर बाजारात गेले. परत आले तर स्कूटीला नवं कव्हर! हिरवं, सूटच्या उरलेल्या कापडाचं, कडेला पांढरा गोट. इतकं नेटकं बसलेलं की मी बोट फिरवून बघितलं. मग लक्षात आलं. कव्हर घालायचं तर सीट उघडावी लागते, आणि सीटखाली डिक्की. डिक्कीत तो काळा सूट, मी कोंबलेला, चुरगळलेला.

उघडून बघितलं. काळा सूट तिथेच होता. फक्त आता तो गुंडाळलेला होता, चांगली बाजू आत, उलटी बाहेर, अब्बा रेक्झिन गुंडाळतात तसा. आणि पँटच्या चेनजवळ जो धागा निघाला होता तो कापून, गाठ मारून ठेवलेला.

म्हणजे त्यांनी तो उलगडला, उलटा करून बघितला, शिवणींवरच्या पट्ट्या बघितल्या. सगळं समजलं असणार. शिंप्याला कपडा उलटा दाखवल्यावर सांगायचं काय उरतं?

आज कामावर गेले. परतताना पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. दुकानापुढे आले. अब्बा मशीनवर होते. मान वर करून त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "भीगी क्या?"

अगदी तसंच, त्याच आवाजात. मी गाडीची किल्ली काढली. आणि तोंडातून काय निघालं माहितेय? "सुक्की आई."

"अच्छा," म्हणाले आणि मान खाली घातली.

मला माझीच शरम वाटली. ओरडले असते, सूट फेकून दिला असता तर बरं झालं असतं. अम्मी म्हणते सूट सगळे कापून झालेत, नावाच्या चिठ्ठ्या लावून रचून ठेवलेत, पण आज त्यांनी एकालाही सुई लावली नाही. दिवसभर एका जीपचं फाटलं हूड शिवत बसले. बजरंग दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला उद्या ये म्हणाले. अब्बा आणि उद्या! त्यांनी गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा केलेला तू कधी ऐकलास?

तू खरं बोललास आणि घर गेलं. ते बघून मी खोटं बोलायला शिकले. आता मला वाटतं, अब्बांच्या वाट्याला आपल्या दोघांकडून काय आलं?

काय करू ते सांगू नकोस. तू सांगणार नाहीस हे आता पाठ झालंय. पण वाचत राहा.

मेहेक


केज, २३ सप्टेंबर

तन्वीर,

हे पत्र सावकाश वाच.

रविवारपासून पाऊस उघडला नव्हता. नद्यांना पूर, शेतात सोयाबीन उभंच्या उभं पाण्यात, सगळ्या तालुक्याचं तोंड उतरलेलं. काल लसीकरणाचा दिवस होता. आया बाळांना घेऊन पुराच्या बाजूनं चालत येतात, मग सिस्टरनं घरी बसायचं कसं? निघाले. निघताना काळा सूट डिक्कीतून काढला आणि घरात खुंटीवर टांगला, अम्मीच्या समोर. अब्बांचा सूट तेवढा घातला.

जाताना भिजले, येताना त्याहून जास्त. पुलावर तर समोरचं दिसत नव्हतं, गाडी ढकलत आणली. खांद्याच्या ठिगळातून पाणी पाठीवर, मांडीतलं तळं आसनातून खाली, तिथून पायात. बूट काढून उलटे केले असते तर एकेक तांब्या निघाला असता. तरी अब्बांच्या कापडाचं मी कौतुक करते, कापड कुठेही फुटलं नाही. जे काही आलं ते त्यांच्या टिपांमधूनच आलं.

दुकानात पावसामुळे गर्दी. बद्रीनाथ सर, बजरंग, बँकेचा शिपाई, सगळे सूट कधी मिळणार म्हणून बसलेले. मी गाडी लावली. अब्बा उठून दाराशी आले.

"भीगी क्या?"

मी म्हणाले, "भीगी, अब्बा. पूरी भीगी. पैले दिन से भीगती."

तन्वीर, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला वाटलं आता ते म्हणतील, तर जा. तुला म्हणाले तसं. मी स्टुलाकडे बघत उभी होते, अंगातून पाणी त्यांच्या फरशीवर चाललं होतं.

अब्बांनी विचारलं, "कहां से?"

मला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "पानी कहां से आया? दिखा."

मग मी दाखवलं. तिथेच सूट उतरवला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर पसरला, चष्मा लावला, आणि मी बोट ठेवून सांगत गेले. इथून, इथून, आणि सगळ्यात जास्त इथून. ते प्रत्येक जागी खडूची खूण करत होते. आसनावर तीन टिपा आहेत तिथे त्यांनी एकच लांब रेघ ओढली आणि म्हणाले, "मैंच छेद करा. मजबूत करने गया और छेद करा."

बजरंगला राहवलं नाही. "मामू, म्हंजी सूट गळतोय? पाटीवर तर लिवलंय की तुमी."

"लिवलं ते पुसतो," अब्बा म्हणाले. "सूट आत्ता न्हाई मिळायचा, बजरंग. सर, तुमाला बी न्हाई. लेक भिजली हाय. ती कोरडी आली की मग तुमचं बघू."

सर म्हणाले, "आवो इलियासभाई, आमी थांबतो की. आमाला कुटं पोहायला जायचंय?" आणि सगळे एकदम बोलायला लागले, चहा सांगा म्हणाले. इतकं सोपं होतं का रे ते? तीन महिने मी दोन-दोन सूट घालून उकडत होते!

ते गेल्यावर अब्बा म्हणाले, "डिक्की में देखा मैं. बोलेंगी बोलके रुका." मी आपण होऊन सांगेन म्हणून ते इतके दिवस थांबले होते. मग म्हणाले, "एक बोल्या तो मैं सुन्या नै. दुसरी डर के बोलीच नै. गलती किसकी है?" मी रडायला लागले. ते नाही रडले, पण चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

मग मी पट्टी दिली. कुणी पाठवली तेही सांगितलं. पट्टीकडे त्यांनी फार बघितलं नाही. तुझा नमुना मात्र उजेडात नेला. तुझी पट्टी नखानं कोपऱ्यातून सोलली आणि खालची टीप बघितली. एकेरी टीप, आणि शेवटाला मशीन उलटी घेऊन दोन टाके मागे, मग धागा तिरका कापलेला. तसं या गावात एकच माणूस करतो. "इत्ते बडे कारखाने में भी मेरेच हाथ का टाका डालता," एवढंच म्हणाले आणि तुकडा सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. आज सकाळी सदरा बदलला, तुकडा नव्या सदऱ्यात गेला.

मला म्हणाले, लिही त्याला. इस्त्री किती गरम? पट्टी आधी धरायची की आधी शिवण दाबायची? मी लिहून घेत होते, तर मधेच म्हणाले, राहू दे. हे लिहून कळायचं काम नाही, हातानं दाखवायचं आहे. स्टुलावरची कात्री त्यांनी उचलून खिळ्याला अडकवली.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात एक सूट आहे, हिरवा. अब्बांनी आज दिवसभर बसून शिवला. माप तुझ्या जुन्या सदऱ्यावरून घेतलं आणि कमरेत बोटभर जास्त सोडलं, पुण्यात खात असेल नीट, म्हणाले. सगळीकडे एकेरी टीप आहे. पट्टी लावलेली नाही. त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय की हा सूटही गळतो, पाणी ओतून बघितलंय, आसनातून कमी, खांद्यातून थोडा जास्त, फसवायचं नाही म्हणून आधीच सांगतो. पट्टी तू इथे येऊन लाव.

मोटरसायकलनं येशील तर वाटेत पाऊस लागेलच. दुकानापुढे गाडी लावलीस की अब्बा दारातूनच विचारतील, "भीगा क्या?" कोण बसलंय ते बघू नकोस. जिथून भिजलास तिथे बोट ठेव आणि सांग.

तुझी आपा,
मेहेक